होडीला इंजिन जोडणारा कारागीर : ओले एव्हिनरूड

मांडवी, झुवारी किंवा शापोरा यांच्या मुखाशी पहाटेच्या वेळी होड्या बाहेर पडू लागल्या की त्यांच्या मागच्या फळीला अडकवलेल्या इंजिनांचा आवाज पाण्यावर दूरवर पसरतो. एकेकाळी वल्ह्यांवर आणि शिडावर अवलंबून असलेला मच्छीमार आज दोरीचा एक हिसका देऊन खाडीबाहेर पडतो. होडीच्या बांध्यात काहीही फेरफार न करता बाहेरून लावता येणारे, संध्याकाळी काढून खांद्यावरून घरी नेता येणारे हे इंजिन किनाऱ्यावरच्या जीवनात इतके मुरले आहे की त्यामागे कोणाचे आयुष्य वेचले गेले असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ते आयुष्य होते ओले एव्हिनरूड यांचे. नॉर्वेत जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या आणि शाळेशी फारसा संबंध न आलेल्या या कारागिराने बाहेरून बसवायच्या इंजिनाला व्यवहारात उतरवले. एकदा यश मिळवून ते सोडून दिले आणि पुढे स्वतःच्याच नावाच्या कंपनीशी स्पर्धा करून दुसऱ्यांदा यश मिळवले.

एव्हिनरूड यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतील योविक शहराच्या परिसरात झाला. ते लहान असतानाच, १८८० च्या दशकाच्या आरंभी, कुटुंबाने अटलांटिक ओलांडून अमेरिकेचा रस्ता धरला. समुद्रप्रवासात हा मुलगा वारंवार नाहीसा होई आणि शोधल्यावर जहाजाच्या इंजिनघरात सापडे, अशी आठवण त्यांच्या चरित्रकथांमध्ये सांगितली जाते. विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज गावाजवळ, रिप्ले सरोवराच्या काठी वडिलांनी शेती सुरू केली. भावंडे पुष्कळ आणि कामाला हात कमी, त्यामुळे थोरल्या मुलाची शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते शेतातली अवजारे दुरुस्त करताना.

वडिलांना मुलाने शेती सांभाळावी असे वाटे आणि मुलाचे लक्ष सरोवराकडे असे. त्याने चोरून एक होडी बांधायला घेतली, ती वडिलांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी तिची लाकडे चुलीत घातली, असे सांगतात. मुलाने पुन्हा दुसरी होडी बांधली आणि या वेळी ती पुरी झाल्यावरच बाहेर काढली. ही हकीकत तपशिलात किती खरी, हे सोडून दिले तरी तिच्यातला स्वभाव पुढच्या आयुष्याशी तंतोतंत जुळतो. कोणी मोडले म्हणून काम सोडायचे नाही, ते पुन्हा आणि अधिक चांगले करायचे, ही रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

सोळाव्या वर्षी एव्हिनरूड घर सोडून मॅडिसन शहरात आले आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. दिवसा लेथवर काम आणि रात्री गणित व यंत्रशास्त्राची पुस्तके, असा त्यांचा क्रम होता. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत आणि शिकागोतही त्यांनी काम केले. धातू कसा वितळतो, कसा ओतला जातो, कुठे तडकतो, याचे ज्ञान त्यांना तिथे मिळाले. १९०० च्या सुमारास ते मिलवॉकी येथील ई. पी. ॲलिस या मोठ्या कारखान्यात साचे घडवणारे कारागीर म्हणून दाखल झाले. ओतकामासाठी लागणारा लाकडी साचा घडवणे हे अत्यंत नेमकेपणाचे काम. साच्यात सूतभर चूक राहिली तर ओतलेला भाग फुकट जातो. ही शिस्त त्यांच्या हातात कायमची बसली.

तो काळ पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांच्या बाल्यावस्थेचा होता. नोकरीतून उरलेल्या वेळात एव्हिनरूड भाड्याच्या जागेत स्वतःची इंजिने बनवू लागले. भागीदार मिळाले, कंपनी निघाली, मतभेद झाले आणि कंपनी बुडाली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, त्याचीही तीच गत झाली. यंत्र उत्तम चालते म्हणून व्यवसायही उत्तम चालेल असे नसते, हे त्यांना दोनदा किंमत मोजून कळले. तरीही त्यांनी साचेकामाचे स्वतंत्र दुकान थाटले. याच सुमारास शेजारच्या बेस कॅरी यांच्याशी त्यांची ओळख वाढली. बेस व्यापारी शिक्षण घेत होत्या. पत्रव्यवहार, हिशेब, येणी-देणी या ज्या गोष्टींकडे एव्हिनरूड यांचे नेहमी दुर्लक्ष होई, त्या बेस यांनी हाती घेतल्या. १९०६ मध्ये दोघांचा विवाह झाला.

बाहेरून लावायच्या इंजिनाची कल्पना कशी सुचली, याची एक कथा प्रसिद्ध आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात मिलवॉकीजवळच्या ओकाउची सरोवरावर मित्रमंडळी सहलीला गेली होती. बेस यांना आइस्क्रीम खावेसे वाटले. एव्हिनरूड होडी वल्हवत पलीकडच्या काठावर गेले, आइस्क्रीम घेतले आणि उन्हातून परत वल्हवत आले; तोवर ते वितळून गेले होते. वल्ही मारून दुखणारे हात घेऊन परतताना हे काम इंजिनाने का करू नये, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. कथा गोड आहे, पण ही कल्पना जगात अगदी पहिल्यांदा त्यांनाच सुचली असे म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्येच होडीमागे विजेची मोटर लावून सेन नदीवर चालवली होती. डेट्रॉइटमध्ये कॅमेरॉन वॉटरमन यांचे पेट्रोल इंजिन एव्हिनरूड यांच्या आधी बाजारात आले होते. एव्हिनरूड यांचे श्रेय वेगळे आहे. सामान्य माणसाला विकत घेता येईल, उचलता येईल, चालवता येईल आणि बिघडले तर उघडून दुरुस्त करता येईल असे इंजिन त्यांनी घडवले.

पहिला नमुना पाहून बेस यांना ते कॉफी दळायच्या यंत्रासारखे वाटले, असे सांगतात. पण नमुना सुधारत गेला. १९०९ मध्ये एका मित्राने तो सरोवरावर चालवून पाहिला आणि परत येताना दहा इंजिनांची मागणी घेऊन आला. मग पहिली पंचवीस इंजिने हाताने तयार झाली. एका सिलिंडरचे, दीड अश्वशक्तीचे हे यंत्र ६२ पौंडांचे, म्हणजे सुमारे २८ किलोंचे होते आणि त्याची किंमतही ६२ डॉलर होती. सिलिंडर आडवा, दट्ट्याच्या जोराने फिरणारा दांडा उभा आणि खाली दातेरी चाकांच्या जोडीने त्या फिरण्याला आडवी दिशा देऊन पंखा फिरवायचा, ही रचना इतकी सोयीची ठरली की पुढची अनेक दशके बाहेरची इंजिने मुख्यतः याच आराखड्यावर बनत राहिली. १९११ मध्ये त्यांना या यंत्राचे पेटंट मिळाले.

या यंत्राचे सर्वांत नाजूक अंग होते ते प्रज्वलनाचे. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा व पेट्रोलच्या मिश्रणात नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. क्षण चुकला तर इंजिन चालत नाही किंवा उलटा झटका देते. सुरुवातीच्या इंजिनांत ही ठिणगी कोरड्या सेलच्या बॅटरीवर आणि कॉइलवर अवलंबून होती. सेलची पेटी होडीत वेगळी ठेवायची, तिच्यापासून इंजिनापर्यंत तारा ओढायच्या आणि हे सारे पाण्याच्या शिंतोड्यांपासून सांभाळायचे. सेल ओलसर झाले किंवा तार सैल झाली की पाण्याच्या मध्यावर माणसाच्या हाती पुन्हा वल्हीच येत. इंजिन सुरू करण्यासाठी वरच्या फ्लायव्हीलवर एक मूठ असे. ती धरून चाक जोराने फिरवावे लागे. ठिणगी लवकर पडली तर चाक उलटे फिरून बोटांवर आदळे. ही इंजिने वापरणाऱ्यांच्या हातांना त्याच्या खुणा राहत.

या अडचणीवर उपाय ठरला तो फ्लायव्हीलमध्येच बसवलेला मॅग्नेटो. चाकात कायमचे लोहचुंबक बसवायचे आणि चाकाखाली, तारेचे दोन थर गुंडाळलेली कॉइल ठेवायची. चाक फिरले की चुंबक कॉइलजवळून जातो आणि जाड तारेच्या थरात वीज निर्माण होते. अगदी नेमक्या क्षणी दांड्यावरचा उंचवटा ‘पॉइंट’ उघडतो, प्रवाह तुटतो आणि हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत इतका मोठा दाब उत्पन्न होतो की प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी उडते. पॉइंटच्या जोडीला असलेला कंडेन्सर पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू नये याची काळजी घेतो. बॅटरी नको, पेटी नको, लोंबणाऱ्या तारा नकोत. १९१० च्या दशकात एव्हिनरूड नावाच्या इंजिनांत ही व्यवस्था आली. ज्यांनी जुनी स्कूटर किंवा राजदूत मोटरसायकल चालवली आहे, त्यांना हा पॉइंट, हा कंडेन्सर आणि ही कॉइल परक्या वाटणार नाहीत.

इंजिन तयार झाले तरी ते खपवणे हे दुसरेच काम होते आणि ते बेस यांनी केले. वल्ही फेकून द्या असा सल्ला देणारी त्यांची जाहिरात गाजली. पत्रांचा ओघ सुरू झाला. परदेशांतूनही, विशेषतः मच्छीमारांची वस्ती असलेल्या स्कँडिनेव्हियातून, मागणी येऊ लागली. सहलीसाठी बनवलेले यंत्र पोटापाण्याचे साधन झाले, आणि ज्या देशाचा किनारा सोडून एव्हिनरूड कुटुंब निघाले होते त्याच किनाऱ्यावर त्यांची इंजिने पोहोचली. भांडवल पुरवण्यासाठी ख्रिस मेयर हे भागीदार आले आणि कारखाना झपाट्याने वाढला.

यश हाती आले असतानाच घरावर संकट आले. दिवसभर कार्यालय, रात्री हिशेब आणि लहान मुलाचा सांभाळ या ओढाताणीत बेस यांची प्रकृती ढासळली. १९१४ च्या सुमारास एव्हिनरूड यांनी आपला हिस्सा मेयर यांना विकला. पाच वर्षे याच व्यवसायात पडायचे नाही, अशी अट त्यांनी मान्य केली. स्वतःचे नाव ज्या कंपनीवर आहे, तिच्याशी त्यांचा काही संबंध उरला नाही. मुलगा राल्फ याला घेऊन पतिपत्नी प्रवासाला निघाले आणि बेस यांना आराम मिळू लागला. मोठ्या उद्योजकांच्या चरित्रांत असा निर्णय विरळा आढळतो. कारखाना वाढत असताना तो सोडणे म्हणजे अनेक वर्षांच्या कष्टांचे फळ दुसऱ्याच्या हाती देणे होते, आणि ते त्यांनी पत्नीच्या प्रकृतीसाठी दिले.

पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. अटीची मुदत संपत आली तेव्हा एव्हिनरूड यांच्याकडे नव्या इंजिनाचा आराखडा तयार होता. बराचसा भाग लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा, एकाऐवजी समोरासमोर दोन सिलिंडर, शक्ती तीन अश्वशक्तींची आणि वजन अवघे ४८ पौंड. म्हणजे शक्ती दुप्पट आणि वजन आधीपेक्षा कमी. दोन दट्टे समोरासमोर हलत असल्याने पहिल्या इंजिनाची हाडे खिळखिळी करणारी थरथर यात खूपच कमी होती. हे इंजिन घेऊन ते मेयर यांच्याकडे गेले. परंतु जुने इंजिन चांगले खपत असताना नव्याचा धोका पत्करायला मेयर तयार झाले नाहीत. तेव्हा एव्हिनरूड दांपत्याने नवी कंपनी काढली. आपलेच आडनाव वापरण्याची सोय नव्हती, म्हणून इंजिनाच्या इंग्रजी वर्णनातील आद्याक्षरे घेऊन नाव ठेवले ‘एल्टो’. १९२१ मध्ये एल्टो बाजारात उतरले.

या इंजिनात एव्हिनरूड यांनी घेतलेला एक निर्णय त्यांच्या विचारपद्धतीवर प्रकाश टाकतो. इतर उत्पादक फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोकडे वळत असताना त्यांनी एल्टोसाठी पुन्हा बॅटरीवरचे, ॲटवॉटर केंट पद्धतीचे प्रज्वलन निवडले. वरवर पाहता हे मागे जाणे होते, पण त्यामागे कारण होते. मॅग्नेटोची ठिणगी चाकाच्या वेगावर अवलंबून असते. चाक हळू फिरले तर वीज कमी आणि ठिणगी दुबळी. याउलट बॅटरीची ठिणगी चाक किती वेगाने फिरते याची फारशी पर्वा करीत नाही. त्यामुळे एल्टो सुरू करायला चाकाला हलकासा झोका पुरत असे. मजबूत मनगटाची गरज नव्हती. नव्या फॅशनपेक्षा वापरणाऱ्याचा हात त्यांनी महत्त्वाचा मानला. पुढे चुंबक सुधारले, मॅग्नेटो अधिक भरवशाचा झाला आणि अखेरीस बाजार त्याच्याच बाजूने गेला. दोन्ही पद्धतींना आपापली जागा होती, हे त्या काळच्या इंजिनांवरून दिसते.

स्पर्धा तीव्र होती. जॉन्सन बंधूंनी सुमारे ३५ पौंडांचे आणखी हलके इंजिन आणले. एल्टोने त्याला अधिक शक्तीने उत्तर दिले आणि १९२८ मध्ये चार सिलिंडरचे, १८ अश्वशक्तींचे इंजिन सादर केले. एव्हिनरूड नावाची जुनी कंपनी मात्र मालक बदलत मागे पडत होती. १९२९ मध्ये स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवुड या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि आउटबोर्ड मोटर्स कॉर्पोरेशन उभी राहिली. तिचे अध्यक्ष झाले ओले एव्हिनरूड. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेले आपले नाव त्यांना परत मिळाले. पण त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजार कोसळला. सहलीच्या होडीसाठी इंजिन घेणारा ग्राहक एका रात्रीत नाहीसा झाला आणि कंपनी तगवून धरणे हेच काम होऊन बसले.

१९३३ मध्ये बेस यांचे निधन झाले. ज्यांच्यासाठी एकदा कारखाना सोडला होता, त्या गेल्यावर एव्हिनरूड फार काळ राहिले नाहीत. १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, मिलवॉकी येथे त्यांचे निधन झाले. मुलगा राल्फ याने धुरा सांभाळली. जॉन्सन कंपनीही विकत घेतली गेली आणि १९३६ मध्ये सर्वांची मिळून एक मोठी कंपनी झाली. ती २००० साली दिवाळखोरीत गेली. दुसऱ्या कंपनीने एव्हिनरूड हे नाव पुढे चालवले. पण २०२० मध्ये या नावाच्या इंजिनांचे उत्पादन थांबवल्याची घोषणा झाली. आपल्या किनाऱ्यावर आज बहुतेक जपानी बनावटीची इंजिने दिसतात. नव्या इंजिनांत पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले आहे.

तरीही जुनी एव्हिनरूड आणि एल्टो इंजिने अजून चालतात. अमेरिकेत आणि युरोपात हौशी माणसे ती अडगळीतून बाहेर काढतात, आणि बहुतेक वेळा त्यांना सुरुवात करावी लागते ती प्रज्वलनापासून. यंत्र अनेक वर्षे पडून असले की पॉइंटच्या तोंडांवर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर साचतो; एवढ्यानेच करंट अडतो. फ्लायव्हीलचे नट सैल करून पुलरने चाक हळुवार वर घ्यायचे, दांड्याच्या तोंडावर हातोडा मारायचा नाही. पॉइंट बारीक कानसीने किंवा पॉलिश पेपरने साफ करायचे, मग स्वच्छ कोऱ्या कागदाने पुसायचे, कारण तेलाचा अंशही चालत नाही. गॅप फिलर गेजने बसवायची. बऱ्याच जुन्या इंजिनांत ती सुमारे अर्धा मिलिमीटर असते, पण नेमका आकडा त्या इंजिनाच्या माहितीपत्रकातूनच घ्यायचा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर गेलेला असण्याची शक्यता मोठी. कॉइलच्या आवरणाला भेगा पडल्या असतील तर ओल आत शिरून वीज वाटेतच गळते आणि तिथे कॉइल बदलण्याला पर्याय नसतो. प्लगकडे जाणारी जाड तार ताठ होऊन तडकली असेल तर तीही नवी घालावी लागते. जुन्या चुंबकांची शक्ती कालांतराने कमी होते. ते पुन्हा चुंबकित करून घेता येतात. चाक आणि दांडा यांना जोडणारी छोटी चावी तुटली असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. शेवटी प्लग बाहेर काढून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून, पेट्रोल दूर ठेवून चाक फिरवायचे. निळसर, टणक ठिणगी दिसली की अर्धे काम झाले असे समजायचे.

या साऱ्या दुरुस्तीत महागडे साधन लागत नाही. लागतो तो स्वच्छ हात आणि धीर. याचे कारण एव्हिनरूड यांच्या घडणीत आहे. साचे घडवणाऱ्या माणसाने बनवलेले हे यंत्र आतला प्रत्येक भाग हाताला लागेल आणि डोळ्यांना समजेल असे होते. ते विकत घेणारा माणूस कारखान्यापासून दूर, एखाद्या सरोवराच्या वा फ्योर्डच्या काठी राहतो आणि बिघाड झाला तर त्याला स्वतःच उघडून पाहावे लागणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. आपल्या खाड्यांच्या काठावर, होडी उपडी करून तिच्या सावलीत इंजिन खोलून बसलेला मेकॅनिक आज जे काम करतो, त्याची पहिली सोय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिलवॉकीतील त्या दुकानात झाली होती.